लेक राजकन्या, तर राज्य कुणाचं?

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त गटांच्या मेळाव्यात झालेलं हे भाषण. ज्या सख्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



आज ३ जानेवारी. आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक, सावित्रीबाई, १८३१ साली याच दिवशी जन्मली. दर वर्षी आपण फोटोला हार घालतो, दोन शब्द बोलतो, चहा पिऊन घरी जातो. आज मला आपल्या घरातल्या लहान पोरींबद्दल बोलायचं आहे. या पोरी लहानपणी कुणाकडे बघून मोठ्या होतात, कुणासारखं व्हायचं म्हणतात, त्याबद्दल.

वाईपासून जतपर्यंत कुठल्याही गावात जा. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स दिसतो. गुलाबी जाळीचा फुगीर फ्रॉक, डोक्यावर चकाकणारा मुकुट, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘आमची राजकन्या’. केकवर बाहुली, दप्तरावर सिंड्रेला, पाण्याच्या बाटलीवर एल्सा. अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या पोरीला विचारा, मोठेपणी कोण होणार गं? ती लगेच सांगते, “प्रिन्सेस!”

यावर नाक मुरडणाऱ्या बायका आहेत. कशाला हे खूळ, म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. हा फ्लेक्स आपल्या भागात लागतो, ही साधी गोष्ट नाही. ती का साधी नाही, ते आधी सांगते.

नकुशीची राजकन्या झाली

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ‘नकुशी’ हे नाव कुणाला नवीन नाही. दोन-तीन मुलींवर आणखी एक मुलगी झाली, की तिला नकुशी म्हणायचं. नको असलेली. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. शाळेच्या हजेरीत तेच नाव, रेशनकार्डावर तेच, लग्नाच्या पत्रिकेत तेच. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे नऊशेसुद्धा मुली भरल्या नाहीत. ज्या जन्मल्या, त्यांतल्या कितीतरी नकुशी झाल्या.

त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर २०११ ला, साताऱ्यात कार्यक्रम झाला. जिल्ह्यातल्या २८५ नकुशी मुलींना नवीन नावं मिळाली, तशी प्रमाणपत्रं मिळाली. त्या पोरींना पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, बाळ, तुला काय नाव हवं? कुणी देवीचं नाव घेतलं. कुणी वैशालीसारखं साधं, चांगल्या अर्थाचं नाव घेतलं. कुणी सिनेमातल्या नटीचं घेतलं, ऐश्वर्या.

मला या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, ज्या मातीत पोरीला ‘नको’ म्हणत होते, तिथंच आज बाप पैसे खर्चून तिचा फ्लेक्स लावतो. ज्या आजीला लहानपणी भावाचा जुना सदरा कापून झंपर शिवला, ती आजी नातीच्या फ्रॉकची जाळी हातानं सारखी करते. त्या आजीच्या आनंदाला आपण नावं ठेवायची नाहीत.

आणि दुसरी गोष्ट. पोरींना निवडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी कुठून निवडलं? जे ऐकलं होतं, बघितलं होतं, त्यातून. देव्हाऱ्यातून आणि टीव्हीतून. पोरीपुढे आपण जे ठेवतो, त्यातूनच ती उचलते. म्हणून आपण तिच्यापुढे काय ठेवतो, हा प्रश्न आहे.

गोष्टीतली राजकन्या दिवसभर काय करते?

आता त्या गोष्टी जरा नीट बघू. हिमगौरी काचेच्या पेटीत निपचित पडलेली असते. झोपलेली राजकन्या शंभर वर्षं झोपते. सिंड्रेला राबते बिचारी, पण तिची सुटका होते ती बुटाच्या मापानं. या गोष्टी युरोपातल्या. फ्रान्समधल्या पेरोनं सिंड्रेलाची गोष्ट १६९७ साली छापली, जर्मनीतल्या ग्रिम बंधूंचं पुस्तक १८१२ साली आलं. म्हणजे जुन्याच. १९३७ साली अमेरिकेत डिस्नेनं हिमगौरीचा सिनेमा केला आणि तिथून त्या जगभर गेल्या. आज त्या आपल्या मोबाइलमधून पोरीच्या ताटापर्यंत आल्यात. ‘बघत बघत जेवते हो,’ असं आपणच सांगतो.

पण आपल्या गोष्टी तरी काय वेगळ्या? आटपाट नगराच्या कहाण्या आठवा. राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. आवडतीला महाल, नावडतीला गावाबाहेर खोपटं, जाडंभरडं अन्न, फाटकं लुगडं. पुढे राजाची मर्जी फिरते आणि नावडती परत महालात येते. आपण हात जोडून ऐकतो, समाधानानं उठतो. पण एक विचारा. उद्या राजाची मर्जी पुन्हा फिरली तर?

आवडती काय आणि नावडती काय, दोघींच्या हातात काहीच नाही. नकुशी आणि राजकन्या यांचंही तसंच आहे. नाव बदललं, पण ठेवणाऱ्याच्या मर्जीनं. मर्जीनं मिळालेलं मर्जीनं जातं. हक्कानं मिळालेलं तसं जात नाही. बचत गटात इतकी वर्षं काढलेल्या बायांना हे मी वेगळं सांगायला नको. नवऱ्यानं खुशीनं दिलेले शंभर रुपये आणि आपल्या पासबुकातले शंभर रुपये, यांतला फरक आपल्याला चांगला कळतो.

आणखी एक. या गोष्टींच्या शेवटी राजा काय जाहीर करतो? जो राक्षसाला मारेल त्याला अर्धं राज्य आणि राजकन्या! लहानपणी किती वेळा ऐकलं असेल. राजकन्या राजाची पोटची पोर. पण अर्धं राज्य तिला नाही, ते जावयाला. आणि तीसुद्धा त्या बक्षिसातच बांधलेली. तिला कुणी विचारलंही नाही. तिला राज्य का नाही, हे आपल्यापैकी एकीच्याही मनात तेव्हा आलं नाही, कारण गोष्टीतल्या राजकन्येच्याही मनात ते येत नाही.

मग फ्रॉक जाळायचा का?

नाही हो. गेल्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, मग पोरीला हे बघायला द्यायचंच नाही का? अमेरिकेत सारा कॉइन नावाच्या प्राध्यापिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी यावर अभ्यास केला. २०१६ साली त्यांना असं दिसलं, की शाळेत जायच्या आधीच्या वयात ज्या मुली राजकन्यांच्या सिनेमात आणि खेळण्यांत फार रमल्या, त्या वर्षभरानंतर ‘हे मुलींचं, ते मुलांचं’ यात जास्त अडकल्या. पण पाच वर्षांनी, मुलं दहा-अकरा वर्षांची झाल्यावर पुन्हा बघितलं, तर चित्र उलटं होतं. लहानपणी राजकन्यांत रमलेली मुलं आता बाईच्या बरोबरीच्या हक्काबद्दल जास्त मोकळी होती. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं.

मी यातून एवढंच घेते, की नुसत्या बाहुलीनं पोर बिघडत नाही आणि बाहुली काढून घेतली म्हणून घडत नाही. त्या गोष्टीही आता बदलतायत. २०१३ च्या ‘फ्रोझन’मधली एल्सा गादीवर बसते, तिचं लग्न होत नाही, आणि संकटात बहीणच बहिणीला वाचवते. पोरगी एल्साचा निळा फ्रॉक मागते तेव्हा तिला विचारा, एल्साला काय काय येतं गं? फ्रॉकवर थांबू नका.

आपल्याकडच्या राजकन्या

आपण तर खऱ्या राजधानीच्या जिल्ह्यात राहतो. मग पोरींना खऱ्या राजकन्या का सांगत नाही?

येसूबाई घ्या. शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक, संभाजी महाराजांची राणी. कारभारात तिच्या नावाचा शिक्का चाले. १६८९ साली महाराज मारले गेले, रायगडाला वेढा पडला, पदरात लहानगा शाहू. त्या घडीला तिनं ठरवलं, की राजारामांनी गडाबाहेर पडून राज्य चालवावं. स्वतःच्या मुलाचा हट्ट धरला नाही, स्वतः मुलासह मागे राहिली. मोगलांच्या कैदेत पडली ती १७१९ साली सुटून साताऱ्याला आली. तीस वर्षं! गोष्टीतली राजकन्या शंभर वर्षं झोपून काढते, आमची येसूबाई तीस वर्षं जागी होती.

ताराबाई तर कराडजवळच्या तळबीडची. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक. १७०० साली राजाराम महाराज गेले, तेव्हा तिचं वय पंचविशीच्या आसपास. त्याच वर्षी आपला अजिंक्यतारा औरंगजेबानं घेतला. बादशहाला वाटलं, आता एक विधवा आणि एक लहान पोर, संपलं सगळं. त्या विधवेनं सात वर्षं त्याला दख्खनच्या डोंगरात फिरवत ठेवलं. १७०७ साली बादशहा इथंच मेला, दिल्लीला परत गेला नाही. ताराबाईचं सगळंच गोड झालं असं नाही. पुढे शाहू महाराजांशी गादीचा तंटा झाला, कैदही भोगली. १७६१ साली साताऱ्यात ती वारली, माहुलीला कृष्णाकाठी तिची समाधी आहे. हे सगळं पोरीला सांगा, तंट्यासकट सांगा. हंबीररावांनी लेकीला राज्य आयतं दिलं नाही, पण तिला तयार केलं. तलवार, घोडा, हिशेब, माणसं ओळखणं, हे माहेरची शिदोरी म्हणून मिळालेलं तिला आयुष्यभर पुरलं.

आणि राजघराण्यात जन्मली तरच मोठी, असं कुठं आहे? सावित्रीबाईचं लग्न नवव्या वर्षी झालं. अक्षरओळख झाली ती त्यानंतर, आणि १८४८ साली पुण्यात ती स्वतः मुलींना शिकवायला उभी राहिली. वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील आपल्याला माहीत आहेत. त्यांची लेक हौसाताई किती जणींना माहीत आहे? प्रतिसरकारच्या दिवसांत, १९४३ साली, भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं काढायची होती. हौसाताई ठाण्यासमोर रस्त्यावर आल्या. एक साथीदार नवरा झाला आणि त्यांना बडवायला लागला. नाटक खरं वाटावं म्हणून मारही खरा. भांडण सोडवायला पोलीस बाहेर धावले, तेवढ्यात बाकीच्यांनी आत जाऊन काम उरकलं. बाईला मार खाताना बघून लोक काय करतात, हे त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच तिनं हत्यार केलं. २०२१ साली, नव्वदी पार करून त्या गेल्या.

लहान पोरींना हे जड वाटलं तर आपली भोपळ्यातली म्हातारी आहेच. लेकीकडे निघालेली. वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो. ना अंगात बळ, ना राजपुत्र मदतीला. ती बोलून वेळ काढते, लेकीकडे चार दिवस तूप-पोळी खाते, आणि परतीला भोपळ्यात बसून त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जाते. माझ्या मते आपल्या सगळ्या गोष्टींत हुशार नायिका तीच. आणि बघा, तिच्या मागे उभी कोण? तिची लेक.

त्यांना काय मिळालं, ते बघा

आजच्या पोरी सांगायच्या तर लांब जावं लागत नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. प्यायच्या पाण्याला वणवण असलेला तो मुलूख, शेतकऱ्याचं घर. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ती अंतिम फेरीत धावली, जगात दहावी आली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली, वय वर्षं सतरा. सांगलीच्या माधवनगरमध्ये वाढलेली स्मृती मानधना भाऊ क्रिकेट खेळायचा म्हणून मैदानावर गेली. २०२५ साली विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघाची ती उपकर्णधार.

पोरींना यांचे फोटो दाखवा. पण आपण मोठ्यांनी दुसरं काही बघायला हवं. या तिघींना घरातून काय मिळालं? मैदान मिळालं. संध्याकाळचा वेळ मिळाला. ‘आता मोठी झालीस, धुणीभांडी बघ’ हे वाक्य त्यांच्या वाटेत आडवं आलं नाही, किंवा आलं तरी कुणीतरी बाजूला सारलं. आपण पोरीला मुकुट घेतो दीडशे रुपयांचा, आणि पाचवीनंतर खेळाचा तास झाला की घरी बोलावतो. राजकन्येला घोडा असतो. आपल्या राजकन्येला निदान सायकल असू दे.

आणि पोर रोज सगळ्यांत जास्त कुणाला बघते? तुम्हाला. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायची ठरवली, तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण कितीतरी जणी अंगठेबहाद्दर. त्या बाया लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या, आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो, तुम्ही करून दाखवा. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. त्या बायांच्या पोरींना राजकन्येची गोष्ट वेगळी सांगायची गरज पडली असेल का?

आता अर्ध्या राज्याचं बोलू

हे बोलायलाच मी आज उभी राहिले. आपलं राज्य म्हणजे काय? दीड एकर रान, दोन खणांचं घर, एखादी म्हैस. त्यात लेकीचा वाटा किती?

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, मग तिचं लग्न झालेलं असो वा नसो. महाराष्ट्रानं हे १९९४ सालीच केलं होतं, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली सुटल्या होत्या. २००५ नंतर त्याही आत आल्या. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं, की २००५ मध्ये वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा हक्क जात नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल, तर मात्र ती उकरता येत नाही.

कायदा असा आहे. आणि आपण काय करतो? वडील गेले की तेराव्याच्या आसपास भाऊ कागद पुढे करतो. हक्कसोडपत्र. एक साडी, जेवण, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही, झालं. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती. ती भीती खोटी नाही, मी तिला हसणार नाही. दिवाळीला, दुखण्या-खुपण्याला, नवऱ्यानं टाकलं तर जायला माहेर लागतंच. म्हणून कुणी सही करावी की करू नये, हे मी व्यासपीठावरून सांगणार नाही. पण वाचल्याशिवाय करू नका. सातबारा काढा, वकिलाला विचारा, गटातल्या चौघींना बरोबर न्या. एकदा नोंद झालेला कागद परत फिरवणं फार अवघड असतं. आणि ज्यांच्या लेकी लहान आहेत, त्यांनी आजच घरात बोलावं. लेकीनं भावाशी भांडून हक्क मागावा, ही वेळ तिच्यावर येण्याआधी तिचं नाव आपण लावू शकतो.

दुसरं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल, तर १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला ‘लेक लाडकी’ योजनेत टप्प्याटप्प्यानं मिळून १ लाख १ हजार रुपये मिळतात. जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८, आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार. अंगणवाडी ताईंकडे अर्ज असतो. हे ७५ हजार मांडवासाठी नाहीत, एवढं ध्यानात असू द्या. ते कॉलेजच्या फीचे आहेत, लॅपटॉपचे आहेत, शिलाईच्या दुकानाच्या भांडवलाचे आहेत.

आणि तिसरं. गोष्टीतल्या झोपलेल्या राजकन्येला सुई टोचते ती पंधराव्या वर्षी. आपल्या गावातल्या पोरीलाही त्याच वयात स्थळं यायला लागतात. अठराच्या आत लग्न ठरतंय असं कानावर आलं, तर १०९८ ला फोन करा. फोन करणारीचं नाव गुप्त राहतं.

पुढच्या बैठकीला

नुसतं ऐकून उठायचं नाही, म्हणून प्रत्येक गटानं पुढच्या मासिक बैठकीत तीन कामं करायची. बचत आणि परतफेड झाली, की अर्धा तास द्यायचा.

पहिलं, प्रत्येकीनं लेकीला किंवा नातीला एक गोष्ट सांगून यायचं, येसूबाईची, हौसाताईची किंवा आपल्याच आजीची, आणि पोरगी ऐकून काय म्हणाली ते बैठकीत सांगायचं.

दुसरं, घराच्या उताऱ्यावर आणि सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते प्रत्येकीनं बघून यायचं. भांडायचं नाही, नुसतं बघायचं. आपलं नाव आहे का, हे कितीजणींना ठाऊक नाही, ते तिथंच कळेल.

तिसरं, घरात लेकीचं खातं आहे का? नसेल तर काढायचं, आणि दर महिन्याला पन्नास का होईना, तिच्या हातून भरायचे. स्लिप तिनं लिहायची.

पोरीला राजकन्या जरूर म्हणा. गुलाबी फ्रॉक घ्या, फ्लेक्सही लावा. फक्त पुढच्या वेळी कुणी हौसेनं तुमच्या लेकीला राजकन्या म्हटलं, की हसत हसत विचारा, “व्हय, आणि राज्य कुठं हाय तिचं?” उत्तर नसलं तरी चालेल. विचारायला लागलो की पुढचं सुचत जातं.

जय जिजाऊ, जय सावित्री!